पस्तीस की पंच्याऐंशी

“सायेब, लेन्स घ्यायची हाय का नुसता बघायचा कार्यक्रम करायचाय? सात येळा चहापोहे झालं की,” गुंडू मेस्त्री म्हणाला.

खरंच सातवा रविवार होता. कोल्हापुरातल्या एका बोळात मेस्त्रीचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं, इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आत मावत नसत. म्हणून मी पायरीवर बसले होते आणि माझा नवरा अच्युत आत काउंटरवर मान घालून उभा होता. त्याच्यासमोर फडक्यावर दोन लेन्स मांडलेल्या होत्या. एक पस्तीसची, म्हणजे खोलीभर सगळं एका फोटोत घेणारी. दुसरी पंच्याऐंशीची, म्हणजे लांब बसलेल्या माणसाचा चेहरा जवळ आणणारी. त्याच्या रशियन कॅमेऱ्याला आधीपासून होती ती पन्नासची, या दोघींच्या मधली. सात रविवारांत मी एवढं शिकले होते आणि याहून जास्त शिकायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

“अच्युत, दीडची गाडी चुकेल.”

“एक मिनिट. पंच्याऐंशीत फोकस जरा चुकला की फोटो गेलाच.”

“मग पस्तीस घे.”

“पस्तीसला कोपरे मऊ येतात, रेखीव नाही.”

“कोपऱ्यात असतं कोण?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या आईला काही बोलले. मग पुन्हा पंच्याऐंशी उचलून उजेडाकडे धरली.

आम्ही दोघं कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे घरात मी त्याला अरेतुरे करते. इचलकरंजीच्या एका शाळेत तो चित्रकला शिकवायचा. माणूस सज्जन, निर्व्यसनी, स्वयंपाकघरात मदत करणारा. पण दोन वस्तू समोर ठेवल्या की त्याचं घोडं अडलंच. आमच्या घराचे पडदे दोन वर्षं यायचे होते ते याच कारणाने. एरवी मी सोडून दिलं असतं, पण यावेळी माझं गाणं अडलं होतं.

मी नेर्लेकर माईंकडे शिकत होते. इंदिराबाई नेर्लेकर. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. अकरा वर्षं मी मैफलीत त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसत होते, त्या थांबल्या की मागून सूर भरत होते. आमच्याकडे गुरूने परवानगी दिल्याशिवाय शिष्याने स्वतंत्र गायचं नसतं. मी चौतिशीला आले होते आणि मला एकदा, फक्त एकदा, पुढे बसून गायचं होतं. संगीत मंडळाचे चिटणीस पोतनीस मार्चमधली एक सकाळ मला द्यायला तयार होते. माईंना विचारलं की त्या म्हणायच्या, “पंचाहत्तरीचं होऊ दे, मग बघू.” आणि पंचाहत्तरीचा गौरवअंक अडला होता मुखपृष्ठावर. पोतनिसांना गात असलेल्या माईंचा फोटो हवा होता. मैफलीत फोटो काढायची मुभा एकट्या अच्युतला होती, कारण त्याच्या कॅमेऱ्याचा आवाज येत नसे. आधीच्या फोटोग्राफरला माईंनी ऐन आलापीत उठवून घराबाहेर काढलं होतं.

पन्नासने तो नीट येणार नाही, असं अच्युतचं ठाम मत. म्हणजे लेन्स नाही तर फोटो नाही, फोटो नाही तर अंक नाही, आणि हे सगळं झाल्याशिवाय मी नाही. त्यात हा बाबा कोपरे मोजत बसला होता.

“पंच्याऐंशी घे,” मी पायरीवरून म्हणाले. “माईंचा चेहरा तेवढा हवाय ना? चेहराच घे.”

“चेहरा येईल गं. पण मैफल येणार नाही.”

“मैफल नकोय कुणाला!”

हे मी जरा जास्तच जोरात म्हणाले. मला पंच्याऐंशीच हवी होती. एकट्या माई, बाकी काही नाही. त्याचं कारण माझं मला ठाऊक होतं आणि ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

अखेर मेस्त्रीचाच संयम सुटला. त्याने फडक्यावरची एक लेन्स उचलली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाला, “ही आता न्हाई. माझ्या भाच्याला दिली. ऱ्हायली ती घ्या.”

त्याने उचलली होती पंच्याऐंशी.

“अहो मेस्त्री, ती नको! दुसरी उचला!” मी ओरडत आत घुसले.

“वैनी, आता पुन्हा दोन मांडल्या तर सायेब दिवाळीपतूर जात न्हाईत,” मेस्त्री म्हणाला, आणि पस्तीस कागदात बांधायलाही लागला.

अच्युतच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं समाधान होतं. मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं. वर आणखी एक भानगड निघाली. त्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो, आणि खिडकीत दिसतं ते पन्नासच्या मापाचं. पस्तीससाठी वर एक छोटं भिंग बसवावं लागतं. ते मेस्त्रीकडे नव्हतं.

“अंदाजानं घ्या,” तो म्हणाला. “तुमाला दिसतंय त्यापेक्षा जादा येतंय, एवढं ध्यानात ठेवा.”

“जादा येईल ते कापता येतं,” अच्युत म्हणाला. दीडची गाडी गेली होती. आम्ही तीनच्या गाडीने उभ्याने आलो.

पुढच्या रविवारी सकाळी मगदूमशेठांच्या बंगल्यात माईंची बैठक होती. मोठा हॉल, पूर्वेला खिडक्या, साठसत्तर माणसं. माई मध्ये, उजवीकडे तबल्यावर तमण्णा, डावीकडे जरा मागे मी. अच्युत समोर जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याने आधी तीनदा जागा बदलली, तेव्हा माईंनी त्याला नुसतं पाहिलं. मग तो हलला नाही.

माई जौनपुरी गायल्या. खालचे सूर त्यांचे अजूनही असे होते की ऐकताना मी तंबोरा छेडायचं विसरेन की काय अशी भीती वाटायची. वर जाताना मात्र त्या थांबायच्या. थांबून डोळे मिटायच्या, उजवा हात हळूहळू वर न्यायच्या, आणि हात पूर्ण वर गेला की हॉलभर वरचा सा लागायचा. लोक माना मागे टाकायचे. तो सा ही माईंची ख्याती होती. एका समीक्षकाने लिहिलं होतं की या वयात चेहऱ्यावरची रेघही न हलवता वरचा षड्ज लावणारी गायिका आपण दुसरी पाहिली नाही. ते कात्रण माईंच्या घरी काचेखाली लावलेलं होतं.

त्या दिवशीही सा लागला, लोकांनी वाहवा केली. त्याच वेळी अच्युतला कॅमेरा खाली घेताना मी पाहिलं. फोटो निघाला होता.

मग चार दिवस आमची बाथरूम बंद. आत लाल दिवा, दाराला चादर, दोरीवर चिमट्यांनी टांगलेले ओले फोटो. मी आंघोळीला शेजारी जात होते. गुरुवारी संध्याकाळी त्याने मोठा केलेला एक फोटो जेवणाच्या टेबलावर आणला आणि वर भिंग धरून बसला.

“अरेरे,” तो म्हणाला.

माझा हात कणकेत तसाच राहिला. “काय झालं?”

“डावा कोपरा. मऊच आलाय.”

मी जवळ गेले. फोटो सुंदर होता, हे मला मान्यच करावं लागेल. खिडकीचा उजेड, पुढच्या रांगेतल्या मागे कललेल्या माना, तमण्णाचा तबल्यावर उचललेला हात. मध्ये माई, हात पूर्ण वर गेलेला, डोळे मिटलेले. आणि ओठही मिटलेले, घट्ट. डाव्या कडेला, अच्युतला खिडकीत दिसलीच नसेल अशा जागी, मी होते. मान वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या आणि तोंड सताड उघडं.

चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती, कारण माई तो सूर लावतच नव्हत्या. अडीच वर्षं वरचा सा मी लावत होते. त्यांनीच घडवलेला माझा आवाज त्यांच्यासारखाच होता, मी मागे अर्धवट अंधारात असायचे आणि सगळ्यांचे डोळे त्या हातावर. माईंनी मला तसं करायला कधी सांगितलं नव्हतं. एका मैफलीत त्यांचा श्वास पुरला नाही, मी भरलं, आणि तेव्हापासून ते तसंच चालत आलं. आम्ही दोघींनी त्याबद्दल एक अक्षर कधी काढलं नव्हतं. तमण्णाला माहीत होतं, पण तो तबल्याकडे बघायचा.

“अच्युत,” मी म्हणाले, “या फोटोत तुला काय दिसतंय?”

“सांगितलं की. डावा कोपरा मऊ आहे. तुझा तंबोरासुद्धा जरा ताणल्यासारखा आलाय. पस्तीसला तसं होतंच.”

“आणि?”

त्याने पुन्हा भिंग लावलं. पार माझ्या चेहऱ्यावर आणलं.

“फोटोला दाणा थोडा जास्त आलाय, रवाळ दिसतोय,” तो म्हणाला.

मी कणकेचा हात धुतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. बारा वर्षांचा संसार आणि माझं उघडं तोंड भिंगाखाली धरून या माणसाला दाणा दिसला. मला इतकं वाईट वाटलं की रडूही आलं नाही. थोड्या वेळाने बाहेर येऊन मी फक्त एवढंच म्हणाले, “हा फोटो कुणाला दाखवायचा नाही. पन्नासने काढलेला एखादा पोतनिसांना देऊन टाक.”

“का? मऊ आहे म्हणून?”

“हो. मऊ आहे म्हणून.”

तिथे मी चुकले. खरं कारण सांगितलं असतं तर त्याने फोटो ट्रंकेत घातला असता. कोपऱ्याचं कारण मिळाल्यावर त्याच्या मनाने घेतलं की दुसऱ्या कुणाचं मत घ्यावं. शनिवारी मी बाजारातून आले तर टेबलावर चिठ्ठी होती. “माईंना दोन्ही फोटो दाखवून येतो. त्याच ठरवतील.”

मी पिशवी तशीच टाकून निघाले. माईंचं घर पंधरा मिनिटांवर होतं, मी सातआठ मिनिटांत पोचले असेन. मार्च गेला, अकरा वर्षं गेली, एवढंच वाटेत मनात होतं. आणि लाज. माईंना लाज वाटेल याची मला लाज वाटत होती.

माई खाटेवर बसल्या होत्या, हातात अडकित्ता. फोटो मांडीवर. अच्युत खुर्चीवर चहा पीत होता.

“ये,” माई म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्यानं तुझा फोटो काढलाय.”

“माई, तो चुकून आलाय.”

“चुकून कसा? कॅमेऱ्याला काही पोटात ठेवता येत नाही.”

“माई, खरं म्हणजे त्याचा डावा कोपरा...” अच्युत म्हणाला.

“तुम्ही चहा प्या.” माईंनी सुपारी कातरली. “किती वर्षं झाली गं मागं बसून?”

“अकरा.”

“आणि वरचा सा लावून?”

अच्युतचा कप बशीवर वाजला. त्याने मान लांब करून फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत्ता, आत्ता त्याला कळत होतं.

“अडीच,” माईंनीच उत्तर दिलं. “मला वाटायचं, मी तोंड उघडलेलं असतं. लागत नाही, पण उघडलेलं तरी असतं. हे बघ. मी प्रयत्नसुद्धा करत नाहीये.”

“माई, फाडून टाकू या.”

“फाड. मी बघितला तो बघितला.” त्यांनी चष्मा काढला. “तुला स्वतंत्र गायला का देत नव्हते, काय वाटायचं तुला?”

“मी अजून तयार नाही म्हणून.”

“तू तयार नाहीस?” त्या एवढ्या चिडून म्हणाल्या की अच्युत उठून उभा राहिला. “अगं मूर्खे, तू तयार होऊन अडीच वर्षं झाली. तू पुढं बसलीस की माझ्या मागं कोण? तू गेलीस की माझा सा गेला. म्हणून नव्हते देत. काय मोठं गुपित होतं?”

मी अडीच वर्षं स्वतःच्या गळ्याला दोष देत पहाटे उठत होते. त्या क्षणी मला त्यांचा संताप आला, आणि त्यांच्या पायावर डोकंही ठेवावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

“पुढच्या रविवारी सत्कार आहे,” माई म्हणाल्या. “तंबोरा घेऊन बसायचं. पण तोंड उघडायचं नाहीस. कितीही झालं तरी. माझी शपथ आहे तुला.”

“माई, पण वरचा...”

“तोंड मिटून बसायचं. जा आता.”

रस्त्यात अच्युत शंभर वेळा “मला दिसलंच नाही गं” म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मार्चचं नाव माईंनी काढलं नव्हतं. ही शिक्षाच आहे, असं मी समजून चालले होते. आता त्यांना मी मागेही नको आहे, मग पुढे कुठली?

सत्काराला नाट्यगृह भरलं होतं. सकाळचे दहा वाजलेले. अच्युतकडून फोटो गेलाच नाही, म्हणून गौरवअंकावर शेवटी माईंचा चाळीस वर्षांपूर्वीचा स्टुडिओतला फोटो आला होता आणि पोतनीस त्यावरून घुश्शात होते. हार, नारळ, शाल, तीन भाषणं. वरच्या षड्जाचा उल्लेख तिघांनीही केला. मग माई गायला बसल्या. अच्युत पहिल्या रांगेच्या पुढे, जमिनीवर. पन्नास आणि पस्तीस, दोन्ही लेन्स बरोबर आणल्या होत्या, कारण कुठली लावायची ते अजून ठरत नव्हतं.

पुन्हा जौनपुरीच. विलंबित सुरेख झालं. मग माई वर निघाल्या. डोळे मिटले. यावेळी हात मांडीवरच राहिला. त्यांनी तोंड उघडलं आणि सा लावला.

तो लागला नाही. अर्ध्यावर चिरकला आणि तुटला.

नाट्यगृहात कुणी हललं नाही. तमण्णाने ठेका तसाच चालू ठेवला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान खाली घातली. माझा सूर घशाशी येऊन थांबला होता, मी ओठ दाताखाली धरले. माईंनी पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा लावला. आणखी वाईट. तिसऱ्यांदा तर नुसती हवाच. साठ वर्षांची कीर्ती त्या बाई आपल्या हाताने सगळ्यांसमोर मोडत होत्या आणि मला तंबोरा फेकून ओरडावंसं वाटत होतं की पुरे करा, माई, कुणी सांगितलंय हे!

मग त्या थांबल्या. घोटभर पाणी प्यायल्या आणि पूर्ण वळून माझ्याकडे तोंड करून बसल्या. श्रोत्यांकडे पाठ.

“आता तू,” त्या म्हणाल्या. माइक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी नुसता तंबोरा छेडत राहिले. हजारभर डोळे पहिल्यांदाच माझ्यावर होते.

“अगं लाव की! किती वेळ बसायचं लोकांनी?”

मी लावला. तोच सा, अडीच वर्षं ज्याला ते टाळ्या देत होते. मला समोरचे चेहरे स्पष्ट दिसत होते आणि एकेका चेहऱ्यावर ते कळत गेलेलंही दिसलं. टाळ्या वाजल्या नाहीत. बऱ्याच वेळाने एक वाजली, मग सगळ्या. मी तो सूर सोडत नव्हते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी सोडत नव्हते. माई माझ्याकडे बघत होत्या आणि मान डोलवत होत्या, घरी शिकवताना क्वचित डोलवायच्या तशी.

“पोतनीस,” त्या न वळताच म्हणाल्या, “मार्चची सकाळ हिची. लिहून घ्या.”

त्यानंतर माई मैफलीत कधी गायल्या नाहीत. मी गेली कित्येक वर्षं पुढे बसून गाते आहे. कुणी ना कुणी येऊन विचारतंच की तुमचे यजमान फोटोग्राफर, त्या दिवशी माईंनी श्रोत्यांकडे पाठ करून तुम्हाला सा लावायला लावला त्याचा फोटो असेलच, मिळेल का छापायला? मला अजून राग येतो. साडेसहाशे माणसांत कॅमेरा एकट्या त्याच्याकडे होता. माई वळल्या तेव्हा त्याला वाटलं, हा हिच्या चेहऱ्याचा फोटो आहे, पन्नास लावावी. मी गायला लागले तेव्हा वाटलं, नाही, दोघी एकत्र हव्यात, पस्तीसच बरी. टाळ्या वाजत होत्या, मी रडत गात होते, आणि समोर जमिनीवर आमचा अच्युत एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरी लेन्स धरून, मांडीवर उघडा कॅमेरा घेऊन, माझ्याकडे बघत बसला होता.